बरं झालं युरोपात राहिलं? कुणाचं बरं झालं?

उत्तरवारा: काल इथे एकाने कोपनहेगनच्या म्युझियममधल्या उत्तर ध्रुवाकडच्या लोकांच्या वस्तूंचे फोटो टाकले, खाली म्हणे "बरं झालं डेन्मार्कने ठेवलं, नाहीतर बर्फातल्या लोकांनी चुलीत घातलं असतं". जाम डोक्यात गेलं. सामी लोकांचा, म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, देवाधर्माचा ढोल घ्या. अँडर्स पॉल्सन नावाचा म्हातारा, १६९१ ला उत्तर नॉर्वेत त्याचा ढोल जप्त करून जादूटोण्याचा खटला भरला. रेनडियरच्या कातड्यावर आल्डर झाडाच्या सालीच्या लाल रसाने काढलेलं एकेक चित्र त्याने कोर्टात समजावून सांगितलं, आणि निकालाआधीच कोठडीत त्याला कुऱ्हाडीने मारलं. ढोल गेला डेन्मार्कच्या राजाच्या संग्रहात, नॉर्वे तेव्हा त्याच्याच ताब्यात. "ठेवला" कसला, मुद्देमाल होता तो!

खवचट काकू: पण टिकला ना? असे सत्तरेक ढोल उरलेत जगात, तेही म्युझियमांमुळे. भावनेने बुरशी थांबत नाही. आमच्या आजोबांचे मोडी कागद, दोन पेटारे, इथल्याच एका संग्रहालयाला दिले. आठ वर्षांनी बघायला गेलो तर साहेब म्हणे पावती दाखवा, आणि एका पेटाऱ्याची वाळवीने माती केलेली. गोऱ्यांनी निदान हातमोजे घालून धरले असते.

उत्तरवारा: उरले कमी कारण मिशनऱ्यांनी कितीतरी जाळले, काकू. आग लावणाऱ्यालाच बंबवाल्याचं बक्षीस? ग्रीनलंडला १९८२ ते २००१ मध्ये डेन्मार्कनेच पस्तीसेक हजार वस्तू परत दिल्या, तिथल्या राजधानीत, नूकच्या म्युझियमात आहेत, कुणी चुलीत नाही घातल्या. आणि हा ढोल १९७९ पासून नॉर्वेतल्या कारासयोकच्या सामी म्युझियमात होता, पण उसना! मालकी मिळाली २०२२ ला.

सातारचा गडी: उसनं म्हणलात म्हणून, आपली वाघनखं २०२४ ला साताऱ्यात आली तीपण तीन वर्षांच्या बोलीवर. आपलीच वस्तू उसनी?? दीड तास लाईनीत होतो, काचेपाशी दोन मिनिटं, मागचा म्हणतोय सरका. तरी अंगावर काटा आला.

तळटीपवाले: ती ज्यांच्याकडची, ते लंडनचं व्ही अँड ए म्युझियम स्वतःच म्हणतं की अफझलखानावर वापरलेली हीच, हे सिद्ध करता येत नाही. पेटीवर तर साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफला पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली असं कोरलंय. म्हणजे भेट, लूट नव्हे.

सातारचा गडी: राज्य बुडल्यावर साहेबाला दिलेली भेट, व्वा! तुम्हाला काटा नाय येणार, तुम्हाला फक्त तळटीप येते.

तळटीपवाले: पुरावा मागितला की लगेच गद्दार. चालू द्या.

सातारचा गडी: गद्दार मी म्हणलोच नाय, तुमचं तुम्हीच ओळखलंत 😂

विनिपेगची सून: अरे ढोल कुठे राहिला? आमच्या इथे कॅनडात क्वाउमाजुक आहे, इन्युइट म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ लोकांच्या कलेचं म्युझियम, २०२१ ला उघडलं. तीन मजली काचेच्या तिजोरीत हजारो इन्युइट शिल्पं, रस्त्यावरूनही दिसतात. मुलाला घेऊन गेले तर तो एका दगडी अस्वलापुढून हलेना, एका पायावर नाचणारं, सगळा भार त्या एवढ्याशा पंजावर. पण ऐका, नुनावत, म्हणजे कॅनडातल्या इन्युइटांच्या प्रदेशाच्या, सरकारचा स्वतःचा संग्रहही इथेच आहे कारण तिकडे तशी जागा नाही. फक्त इथे उसना देणारे ते आहेत. मालकी त्यांचीच.

उत्तरवारा: हेच तर घसा कोरडा करून सांगतोय!

खवचट काकू: घसा तुझा, मुद्दा तिचा. बरं बाबा, मालकी त्यांची, जागा मिळेल तिथे. पण नुनावतवाल्यांना सांग, पावती जपून ठेवा म्हणावं.