उघड बाजू घेणारी नियतकालिके अधिक विश्वासार्ह मानावीत काय?

सह्यवाट (धागाकर्ता): साने गुरुजींनी 1948 साली सुरू केलेली 'साधना' समाजवादी वळणाची, 'विवेक' संघविचाराचे आणि 'जीवनमार्ग' मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, हे अंक उघडण्यापूर्वीच ठाऊक असल्यामुळे वाचक तेवढी वजावट करूनच ती वाचतो. निष्पक्षतेची झूल पांघरलेल्या दैनिकात मात्र मालकाच्या हितसंबंधांपायी कोणती बातमी गाळली गेली, याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पर्यायी माध्यमांनी आपली बाजू लपवू नये, असे माझे मत आहे.

मध्यममार्गी: असहमत. बाजू जाहीर केली म्हणजे मजकूर खरा ठरत नाही. शिवाय जाहिरातदार मानगुटीवरून उतरला, तरी त्याची जागा वर्गणीदार घेतो. वर्षाची वर्गणी आगाऊ भरणाऱ्याला आपलेच मत सुबक भाषेत वाचायचे असते, आणि संपादक त्याला दुखावण्यास धजत नाही. विरोधी विचाराचा लेखक अशा अंकांत दिसलाच तर बहुधा दिवाळीत, परिसंवादापुरता.

सह्यवाट: इतिहास इतका एकरंगी नाही. 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधना'त, अनिल अवचटांनी संपादित केलेल्या विशेषांकात, राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला पन्नास, ही तुलना त्यांनी अशा जळजळीत शब्दांत मांडली की 'साधना'च्या स्वतःच्या गोतावळ्यातही वादळ उठले. दुसरीकडे, स्वतः डावे नसलेल्या श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'ने चिनी क्रांतीवरील अरुण साधूंची लेखमाला छापली. वाचकाला खूश ठेवण्याचे हे लक्षण नव्हे.

मध्यममार्गी: दाखले बिनतोड आहेत, पण ते त्या संपादकांच्या छातीचे आहेत, व्यवस्थेचे नव्हेत, आणि दोन्ही निदान चार-पाच दशके जुने आहेत. आज या साप्ताहिकांची जागा यूट्यूबवरील वाहिन्या घेत आहेत. पूर्वी रागावलेल्या वर्गणीदाराचे पत्र टपालाने येईपर्यंत संपादकाला निदान आठवडाभराची उसंत मिळे. आता चित्रफीत टाकल्यावर तासाभरात प्रेक्षकसंख्या कळते आणि पुढचा विषय त्यावरून ठरतो. मोदींच्या विरोधात वा बाजूने बोलणारे दोघेही (हे कबूल करायला दोघांनाही जड जाईल) याच आकड्याचे ताबेदार आहेत.

सह्यवाट: मग दोष आकड्याचा आहे, उघड बाजूचा नव्हे. तोच आकडा तथाकथित निष्पक्ष वृत्तवाहिन्यांनाही नाचवतो.

मध्यममार्गी: मान्य, परंतु उघड बाजू हा त्यावरचा उतारा आहे, हे आपण अद्याप दाखवलेले नाही. उतारा असेलच तर तो गावोगावी वार्ताहर पाठवण्याच्या खर्चात आहे, आणि तो खर्च डाव्या-उजव्यांपैकी किती जण करतात, हे त्यांच्या अंकांतील अग्रलेख व वार्तापत्रे यांची पाने मोजून कोणालाही पाहता येईल.