निसर्गचित्र, भूदृश्य की देखावा? ‘लँडस्केप’च्या मराठी प्रतिशब्दाविषयी

प्रश्न

युरोपीय चित्रकलेच्या इतिहासावरील एका दीर्घ लेखाचे मराठी भाषांतर सध्या मी तपासत आहे. सतराव्या शतकातील डच चित्रांविषयीच्या प्रकरणात भाषांतरकाराने ‘लँडस्केप’साठी सरसकट ‘निसर्गचित्र’ हा शब्द योजला आहे. परंतु वर्णन वाचावे तर त्या चित्रांत कालवे, बांध, पवनचक्क्या, गाडीच्या चाकोऱ्या पडलेले रस्ते आणि कुरणावर वाळत घातलेले कपडे आहेत. म्हणजे जवळजवळ सगळे माणसाच्या हातचे. अशा चित्राला निसर्गचित्र म्हणावे काय? ‘भूदृश्य’ हा शब्द हिंदीतून उचलल्यासारखा वाटतो आणि ‘देखावा’ म्हटले की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी असे शाळेच्या वहीतले चित्र डोळ्यांपुढे येते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपली शंका रास्त आहे. डच भाषेतील ज्या शब्दापासून इंग्रजी ‘लँडस्केप’ आला, तो चित्रकलेतील वापराच्या आधीपासूनचा असून त्याचा अर्थ एखादा विशिष्ट प्रदेश, वस्तीचा आणि वहिवाटीचा टापू, असा होता. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘मुलूख’ हा होय. जर्मन भाषेतील ‘लांडशाफ्ट’ या भावंड-शब्दाने तर प्रदेशाबरोबरच त्या प्रदेशातील रहिवाशांचा समुदायही सूचित होत असे. इंग्रजांनी १६०० च्या सुमारास हा शब्द डचांकडून घेतला तो चित्रकारांच्या परिभाषेतला शब्द म्हणून. डोळ्यांसमोर पसरलेल्या खऱ्याखुऱ्या भूमीला तो नंतर लागू झाला. फ्रेंच आणि इटालियन भाषांतील प्रतिशब्दही ‘देश’ किंवा ‘प्रदेश’ या अर्थाच्या शब्दांपासून बनलेले आहेत. यांपैकी एकाही भाषेत या चित्रप्रकाराच्या नावात ‘निसर्ग’ नाही. तो आपण घातला.

हा प्रकार स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला तेव्हाच्या दोन नोंदी येथे उपयोगी पडतील. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने नेदरलँड्सच्या प्रवासात, १५२१ साली, योआखिम पाटिनिर या चित्रकाराचा उल्लेख आपल्या रोजनिशीत ‘चांगला लांडशाफ्ट-चित्रकार’ असा केला आहे. पाटिनिरच्या चित्रांत संत असतात, पण ते अफाट कडे, नद्या आणि बंदरे यांच्या पसाऱ्यात शोधावे लागतात. दुसरी नोंद १५३० मधील व्हेनिसची. तेथील चित्रकार जोर्जोनेचे जे चित्र आज ‘वादळ’ या नावाने ओळखले जाते, त्याचे वर्णन खासगी कलासंग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मार्कान्तोनियो मिकिएलने ‘कापडावरचा लहानसा प्रदेश, वादळासह, भटकी स्त्री आणि शिपाई यांच्यासह’ अशा आशयाच्या शब्दांत केले. बाळाला पाजणारी स्त्री चित्रात ठळक असूनही त्याने आधी प्रदेशाचे नाव घेतले, हे मला फार बोलके वाटते. त्याच सुमारास जर्मन चित्रकार आल्टडॉर्फरने डॅन्यूबकाठच्या व्योर्थ गढीचे जे छोटे तैलचित्र केले, त्यात एकही मनुष्याकृती नाही, आणि म्हणून ते युरोपातील पहिल्या ‘शुद्ध’ निसर्गचित्रांत गणले जाते. मात्र त्यातही झाडांमधून गढीकडे जाणारी वाट आहेच.

आता आपल्या डच प्रकरणाकडे वळतो. हॉलंडमधील भूमीचा मोठा भाग पाण्यातून उपसून काढलेला आहे. बेम्स्टर हे विस्तीर्ण सरोवर पवनचक्क्यांच्या साहाय्याने १६१२ मध्ये कोरडे केले गेले आणि तळाच्या जमिनीचे आखीव चौकोनी तुकडे पाडून तेथे शेती सुरू झाली. ज्या देशात पायाखालची जमीनच माणसाने घडवलेली आहे, तेथील चित्रकाराने मनुष्यस्पर्शरहित निसर्ग शोधावा तरी कोठे? डच चित्रकार हॉबेमाने १६८९ मध्ये काढलेल्या मिडलहार्निस गावाच्या रस्त्याच्या चित्रात दुतर्फा झाडे आहेत, पण ती ओळीने लावलेली आणि शेंड्यापर्यंत छाटलेली आहेत. उजवीकडे रोपवाटिकेत एक माणूस काम करतो आहे आणि रस्त्यावर चाकोऱ्या स्पष्ट दिसतात.

आपण ज्यांना वाळत घातलेले कपडे म्हणता, ते बहुधा डच चित्रकार याकोब व्हान राउसडालच्या हार्लेम-दृश्यांतील असावेत. ते घरगुती धुणे नव्हे. हार्लेम हे लिनन कापड शुभ्र करण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध होते. वाळूच्या टेकड्यांतून झिरपणारे स्वच्छ पाणी तेथे मिळे, कापड क्षारजलात आणि ताकात भिजवून धुतले जाई आणि मग आठवडेच्या आठवडे कुरणावर उन्हात पसरून ठेवले जाई. हेग येथील माउरित्सहाउस संग्रहालयातील चित्रात हे पांढरे पट्टे खालच्या भागात अंथरलेले दिसतात, त्यांच्यालगत ठिपक्याएवढी माणसे आहेत, क्षितिजावर संत बाव्होचे चर्च उभे आहे आणि उरलेला सुमारे दोनतृतीयांश भाग ढगांचा आहे. ढगांतून सुटलेले ऊन नेमके त्या कापडांवर पडले आहे. अर्थात शहराचा धंदा, शहराचे देऊळ आणि शहरावरचे आकाश असे हे चित्र आहे. त्यास ‘हार्लेम परिसराचे चित्र’ म्हणावे हे उत्तम. ‘हार्लेमचे निसर्गचित्र’ म्हटल्यास वाचक भलतीकडे जाईल. भाषांतरात ‘वाळत घातलेले कपडे’ असे असल्यास तेही बदलून ‘शुभ्र करण्यासाठी पसरलेले कापड’ असे करावे.

सभोवतालची सृष्टी या आशयाने ‘निसर्ग’ हा शब्द मराठीत तसा अलीकडे स्थिरावला आहे. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ ‘स्वभाव’ असा असून तो आपल्या ‘निसर्गतः’मध्ये टिकून आहे. झाडे, डोंगर, आकाश यांच्यासाठी जुन्या पिढीतील लेखक ‘सृष्टी’ म्हणत आणि त्यावरून ‘सृष्टिसौंदर्य’, ‘सृष्टिवर्णन’ असे शब्द करीत.

एक आक्षेप

वरील उत्तरातील इतिहास मान्य करूनही त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य करता येत नाही. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने ठरत नाही, वापराने ठरतो. मराठीत व्यक्तिचित्र, वस्तुचित्र आणि निसर्गचित्र हे तीन शब्द जोडीने चालतात आणि कलाशिक्षकापासून समीक्षकापर्यंत सर्वांना ते कळतात. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी जलरंगात रंगवलेल्या तळ्याकाठच्या चित्रांना आपण निसर्गचित्रे म्हणतो आणि नाशिकचा घाट, त्यावरची देवळे आणि गर्दी यांच्या चित्रालाही म्हणतो. चित्रकार आपसांत बोलताना तर सरळ ‘लँडस्केप’ म्हणतात. ‘रविवारी वाईला लँडस्केपला जायचे आहे’ हे वाक्य कोणत्याही कलामहाविद्यालयात ऐकू येईल, आणि वाईला जाऊन ही मंडळी मेणवलीचा वाडा व घाटच रंगवतात. तेव्हा रूढ शब्द मोडून ‘मुलूखचित्र’ वगैरे नवे शब्द पाडण्यात काय हशील?

आक्षेपाला उत्तर

‘मुलूखचित्र’ असा शब्द पाडावा असे मी सुचवलेले नाही. तो मलाही कानाला खटकतो. चित्रप्रकाराचे सर्वसाधारण नाव म्हणून ‘निसर्गचित्र’ राहावे, याविषयी आपले एकमत आहे. अडचण येते ती इतिहासलेखनात, जेथे या प्रकाराचे पोटभेद एकमेकांपासून वेगळे दाखवावे लागतात आणि एकच शब्द सगळीकडे ठोकून दिल्यास वाक्य निरर्थक किंवा चुकीचे होते.

याचे सर्वांत बोचणारे उदाहरण फ्रान्समधले आहे. फ्रेंच चित्रकला अकादमीत फेलिबिआँ या कलालेखकाने १६६७ मध्ये चित्रविषयांची जी उतरंड मांडली, तीत फळेफुले काढणाऱ्याच्या वर निसर्गचित्रकार, त्याच्या वर जिवंत प्राणी काढणारा, त्याच्याही वर मनुष्याकृती काढणारा आणि शिखरावर पुराणेतिहासातील प्रसंग रंगवणारा होता. तळाकडून दुसऱ्या पायरीवरच्या या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी त्यात पौराणिक वा ऐतिहासिक प्रसंग बसवण्याची प्रथा पडली आणि १८१७ मध्ये अशा चित्रांसाठी रोमच्या शिष्यवृत्तीचे (चित्रकारांना रोमला शिकायला पाठवणाऱ्या स्पर्धेचे) खास पारितोषिक सुरू झाले. ते १८६३ मध्ये बंद करण्यात आले. या प्रकाराच्या फ्रेंच नावाचे ‘ऐतिहासिक निसर्गचित्र’ असे भाषांतर मी छापलेले पाहिले आहे. मराठी वाचक त्याचा अर्थ ‘इतिहासात गाजलेले निसर्गचित्र’ असाच करणार. येथे ‘प्रसंगप्रधान निसर्गचित्र’ किंवा सरळ ‘पुराणप्रसंग असलेले निसर्गचित्र’ असे लिहावे लागेल.

‘देखावा’ या शब्दाची मूळ प्रश्नात झालेली हेटाळणी मला अन्यायाची वाटते. या शब्दात ‘दिसणे’ आहे, ‘दाखवणे’ आहे आणि ‘नुसतेच दाखवणे’ही आहे, गणेशोत्सवातले देखावे आपण पाहायला जातो आणि सहानुभूतीचा देखावा करणाऱ्याला नावे ठेवतो. सतराव्या शतकात रोममध्ये राहिलेल्या क्लोद लोरँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांना यापेक्षा नेमका मराठी शब्द सापडणार नाही. रोमच्या आसपासच्या माळावर हिंडून तो रेखाटने करी हे खरे, पण अंतिम चित्र खोलीत जुळवलेले असे: एका बाजूला गर्द झाडांचा काळोखा समूह रंगमंचाच्या पडद्यासारखा, दुसरीकडे पडके देऊळ, मध्ये पाणी आणि दूर विरत जाणारा सोनेरी उजेड. असे स्थळ प्रत्यक्षात कोठेही नव्हते. त्याच्या शैलीची नक्कल करणारे इतके वाढले की विकलेल्या चित्रांची रेखाटने तो एका वहीत नोंदवून ठेवू लागला. ती सुमारे दोनशे रेखाटने आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे इंग्लंडमधील जमीनदारांनी आपल्या बागा या चित्रांबरहुकूम करून घेतल्या. अशा ठिकाणी ‘रचलेला देखावा’ हा प्रयोग बेलाशक करावा.

याच्या अगदी उलट टोकाला, विशिष्ट जागेची नोंद करणारी चित्रे येतात. त्यांना ‘स्थलचित्र’ म्हणावे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर काम करणारे गंगाराम तांबट यांनी वेरूळची जी चित्रे काढली, ती या वर्गात मोडतात. वेल्सच्या वेरूळविषयक चित्रांवरून टॉमस डॅनिएलने १८०३ मध्ये मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यांत कडे, झाडे आणि पाणी असले तरी लेण्याचे रूप अचूक दाखवणे हाच हेतू होता, आणि ‘निसर्गचित्र’ म्हटल्याने नेमका तोच झाकला जातो. इटालियन चित्रकार कानालेत्तोच्या व्हेनिसच्या चित्रांना मात्र ‘नगरदृश्य’ हा शब्द पुरेसा आहे. ‘भूदृश्य’ हा शब्द भूगोलाकडे, खऱ्या भूमीसाठी सोडून द्यावा. चित्राला तोच शब्द लावला की ‘चित्रकाराने भूदृश्य बदलले’ या वाक्यात त्याने चित्र बदलले की जमीन, हे कळेनासे होते.

एक उपप्रश्न आणि त्याचे उत्तर

त्याच लेखात फान क्वान या चिनी चित्रकाराविषयी ‘फान क्वानचे लँडस्केप पोर्ट्रेट आकारात आहे’ असे एक वाक्य आहे. ते मराठीत कसे आणावे?

येथे ‘लँडस्केप’ हा चित्रप्रकार आहे आणि ‘पोर्ट्रेट’ हा कागदाचा आकार, म्हणून प्रतिशब्द वेगवेगळ्या पातळीवरचे हवेत. छापखान्यात आणि संगणकावर या आकारांना आपण ‘आडवा’ आणि ‘उभा’ म्हणतो, तेच येथे चालेल. चिनी भाषेत या चित्रप्रकाराला ‘डोंगर-पाणी’ अशा अर्थाचा जोडशब्द आहे. डोंगर वर चढतो, म्हणून चित्रही पुष्कळदा उभे असते. तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातील फान क्वानचे, इसवी सन १००० च्या सुमाराचे चित्र दोन मीटरांहून अधिक उंच आणि साधारण एक मीटर रुंद आहे. त्याचा बहुतेक भाग एकाच प्रचंड कड्याने व्यापलेला असून तळाशी उजवीकडे खेचरांचा एक छोटा तांडा चाललेला आहे. वर उल्लेखिलेले आल्टडॉर्फरचे चित्रही उभेच आहे, तेव्हा आडवेपणा हा या प्रकाराचा धर्म आहे असे समजू नये. भाषांतरात ‘फान क्वानचे हे डोंगर-पाण्याचे चित्र उभ्या पटावर आहे’ असे लिहावे आणि चिनी चित्रांच्या संपूर्ण परिच्छेदात ‘डोंगर-पाण्याचे चित्र’ हाच प्रयोग ठेवावा.