गुण सारखे, तरी एक संघ आत आणि दुसरा बाहेर: एनएचएलचा गुणतक्ता कसा वाचायचा?

तक्तेवाचक:

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग. तिच्या 2024-25 हंगामाचा वेस्टर्न कॉन्फरन्सचा (लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) शेवटचा तक्ता समोर घेऊन बसलो आहे. सेंट लुईस ब्लूज 44-30-8, कॅल्गरी फ्लेम्स 41-27-14. दोघांचे 82 सामने, दोघांचे 96 गुण. ब्लूज प्लेऑफमध्ये गेले, फ्लेम्सचा हंगाम तिथेच संपला. पराभवाच्या रकान्यात कॅल्गरीचे 27 आणि सेंट लुईसचे 30, म्हणजे वरवर पाहता कॅल्गरीच कमी हरली आहे.

प्रश्न असे: हा तिसरा आकडा नेमका काय? बरोबरी कशी सोडवतात? क्रिकेटसारखा नेट रनरेट इथे चालतो का? आणि मिनेसोटा वाइल्ड सेंट्रल डिव्हिजनमधला (कॉन्फरन्सच्या एका उपगटातला) संघ, तर पहिल्या फेरीत त्याची गाठ पॅसिफिकमधल्या वेगासशी का पडली? हंगाम चालू असताना तक्त्यात आधी काय बघायचं, तेही सांगा.

निळीरेषा:

तिसऱ्या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागेल, बाकीचा गोंधळ त्यातूनच आला आहे. पहिला आकडा सगळे विजय, मग ते ठरलेल्या 60 मिनिटांत मिळालेले असोत, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये. दुसरा आकडा फक्त 60 मिनिटांच्या आत झालेले पराभव. तिसरा म्हणजे जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये झालेले पराभव. विजयाला 2 गुण, तिसऱ्या रकान्यातल्या पराभवाला 1, दुसऱ्यातल्याला शून्य. ब्लूज: 88 अधिक 8. फ्लेम्स: 82 अधिक 14. दोन्हीकडे 96.

आता दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र करा. कॅल्गरी 82 पैकी 41 सामने जिंकली आणि 41 हरली. सेंट लुईस 44 जिंकलं, 38 हरलं. "कॅल्गरी कमी हरली" हा भास पराभव दोन रकान्यांत विभागल्यामुळे होतो.

हा एक गुण आला कुठून? जादा वेळेत हरलं की हातचं सगळं जायचं, म्हणून बरोबरीतले संघ ती पाच मिनिटं जपून खेळत आणि एकेक गुण घेऊन निघून जात. त्यावर तोडगा म्हणून 1999-2000 पासून जादा वेळेत हरणाऱ्यालाही एक गुण पक्का केला आणि त्या पाच मिनिटांत चारास चार खेळाडू ठेवले. 2004-05 चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत बुडाला. 2005-06 पासून शूटआउट आलं आणि बरोबरीचा निकालच बंद झाला. 2015-16 पासून जादा वेळेत तीनास तीन. जादा वेळ त्यामुळे खरोखर बहारदार झाली, पण जपून खेळणं संपलं नाही, ते तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या 20 मिनिटांच्या पिरियडच्या अखेरीकडे सरकलं. 2-2 असताना पाच मिनिटं उरली की दोन्ही संघ धोका घेणं कमी करतात, कारण 60 मिनिटं पार पडली की एक गुण खिशात. समोरचा संघ दुसऱ्या कॉन्फरन्सचा असेल तर त्याला गुण मिळाल्याने आपलं काहीच बिघडत नाही, मग हा हिशेब आणखी सोपा होतो.

परिणाम असा की साध्या सामन्यातून 2 गुण वाटले जातात आणि जादा वेळेत गेलेल्यातून 3. संघामागे 82 सामने धरले तर 32 संघांच्या हंगामात एकूण 1312 सामने होतात. त्यातला साधारण दर पाचवा जादा वेळेत जातो असं धरलं, तर एका संघाची सरासरी 90 गुणांच्या आसपास येते. म्हणजे 82 सामन्यांत 82 गुण मिळवलेला संघ "निम्म्यावर" नसतो, तो सरासरीच्या बराच खाली असतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा तक्ता कळला.

नेट रनरेट इथे नाही. गोलफरक आहे, पण फार खाली. समान गुण असतील तर ज्याने कमी सामने खेळलेत तो वर; सामनेही सारखे असतील तर 60 मिनिटांत जिंकलेले सामने मोजतात. ते तक्त्यात आरडब्ल्यू या रकान्यात दिसतात. 2024-25 मध्ये सेंट लुईसचा हा आकडा कॅल्गरीपेक्षा मोठा होता, बस्स.

गोलजाळी:

वरच्या प्रतिसादाला एक जोड. जुन्या लेखांत पहिली कसोटी म्हणून आरओडब्ल्यू लिहिलेलं सापडेल आणि त्यातून चुका होतात. आरओडब्ल्यू म्हणजे 60 मिनिटांतले अधिक जादा वेळेतले विजय, शूटआउटचे वगळून. 2018-19 पर्यंत पहिली कसोटी तीच होती. 2019-20 पासून आरडब्ल्यू आधी, मग आरओडब्ल्यू, मग एकूण विजय, मग त्या दोन संघांनी एकमेकांविरुद्ध मिळवलेले गुण, मग गोलफरक, शेवटी केलेले गोल. एकमेकांविरुद्धच्या सामन्यांत एकाच्या रिंकवर एक सामना जास्त झाला असेल, तर त्या रिंकवरचा पहिला सामना हिशेबातून वगळतात. हा बारकावा बऱ्याच संकेतस्थळांवर दिलेला नसतो. गोलफरकात शूटआउटचाही वाटा असतो, कितीही फेऱ्या झाल्या तरी जिंकणाऱ्याच्या खात्यात एकच गोल.

आणखी एक उपयोगी युक्ती. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या लीगमध्ये आणि जागतिक स्पर्धांत 3-2-1-0 अशी पद्धत आहे: 60 मिनिटांत जिंकलात तर 3, नंतर जिंकलात तर 2, नंतर हरलात तर 1. एनएचएलचा तक्ता या पद्धतीने कसा दिसला असता हे बघायला फार आकडेमोड लागत नाही. गुणांच्या रकान्यात आरडब्ल्यूचा रकाना मिळवा, झालं. 60 मिनिटांतल्या प्रत्येक विजयाला एक गुण वाढतो, बाकी काही बदलत नाही. म्हणून ब्लूज आणि फ्लेम्स यांचा क्रम त्या पद्धतीतही हाच राहिला असता. माझ्या मते खरी ताकद जोखायला ही बेरीज गुणांपेक्षा जास्त विश्वासाची आहे, कारण प्लेऑफमध्ये तीनास तीनही नाही आणि शूटआउटही नाही. तिथे पाचास पाच, 20-20 मिनिटांचे पिरियड, पहिला गोल होईपर्यंत.

तक्तेवाचक:

आरडब्ल्यूची बेरीज लगेच करून पाहिली, चित्र खरंच बदलतं. एक उपप्रश्न: जादा वेळेत एक गुण पक्काच असेल, तर गोलरक्षक काढून चौथा आक्रमक का उतरवत नाहीत? हरलो तरी गुण आहेच ना?

गोलजाळी:

नाही, तिथेच तर मेख आहे. साखळी सामन्याच्या जादा वेळेत तुम्ही स्वतःहून गोलरक्षक बाहेर बोलावला आणि रिकाम्या जाळीत गोल खाल्ला, तर मिळवलेला तो एक गुणही काढून घेतात. पंचांनी समोरच्या संघाच्या फाउलसाठी हात वर केला असेल आणि म्हणून गोलरक्षक बेंचकडे येत असेल, तर हा नियम लागू होत नाही. एकच गुण पुरेसा नाही अशी वेळ आली तरच प्रशिक्षक हे करतो. मार्च 2024 मध्ये मिनेसोटाने वेगासविरुद्ध हेच केलं. प्लेऑफच्या शर्यतीत एका गुणाने काही साधणार नव्हतं. गोलरक्षक काढला आणि सामना जिंकला.

कॅल्गरीकर:

मिनेसोटाच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, ते देतो.

प्रत्येक कॉन्फरन्समध्ये दोन डिव्हिजन. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन थेट आत. उरलेल्यांतून, डिव्हिजन न बघता, गुणांनी वरचे दोन संघ वाइल्ड कार्डवर. 2013-14 पासून ही रचना आहे. 2025 मध्ये वेस्टर्नची दोन्ही वाइल्ड कार्डं सेंट्रलमध्ये गेली: मिनेसोटा 97, सेंट लुईस 96. म्हणजे सेंट्रलचे पाच, पॅसिफिकचे तीन. जोड्या लावताना दोन डिव्हिजन-विजेत्यांपैकी ज्याचे गुण जास्त त्याला दुसरं, म्हणजे कमी गुणांचं वाइल्ड कार्ड मिळतं. विनिपेग 116 आणि वेगास 110, म्हणून विनिपेगला सेंट लुईस आणि वेगासला मिनेसोटा. त्या वर्षापुरता मिनेसोटा पॅसिफिकच्या बाजूने खेळला.

या रचनेतली खरी खोच डिव्हिजनमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची आहे. ते दोघे पहिल्याच फेरीत भिडतात. सेंट्रलमधले डॅलस 106 आणि कोलोरॅडो 102 असे दोन तगडे संघ समोरासमोर आले आणि सातपैकी चार सामने जिंकायच्या मालिकेत सातव्या सामन्यानंतर कोलोरॅडो बाहेर पडला. क्रमवारीने एक विरुद्ध आठ अशा जोड्या लावल्या असत्या तर ही गाठ पहिल्या फेरीत पडलीच नसती. म्हणून एप्रिलमध्ये कोणता संघ आत येतो एवढंच बघू नका, कुणाच्या समोर येतो तेही बघा.

आणि साखळीतल्या गुणांना किती मान द्यायचा? 2022-23 मध्ये बॉस्टनने 65 विजय आणि 135 गुणांचा विक्रम केला आणि 92 गुणांच्या फ्लोरिडाने त्यांना पहिल्याच फेरीत बाहेर काढलं, तेही 3-1 ने मागे असताना. 2025 मध्ये विनिपेग-सेंट लुईसच्या सातव्या सामन्यात विनिपेगने 1.6 सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा पिरियडमध्ये सामना घेतला. सेंट लुईस दुसऱ्या फेरीपासून दोन सेकंदही लांब नव्हतं.

पहाटपाळी:

हंगाम चालू असताना काय बघायचं यावर. आधी खेळलेले सामने. जानेवारीत दोन संघांत चार-पाच सामन्यांचा फरक सहज असतो. 50 सामन्यांत 60 आणि 46 सामन्यांत 57 यांत मागचा संघ वरचढ आहे: 100 पैकी 60 गुण म्हणजे 60 टक्के आणि 92 पैकी 57 म्हणजे जवळपास 62 टक्के. मात्र मागे असलेल्याला ते चार सामने पुढे दाटीवाटीने खेळावे लागतात. सलग दोन रात्रींचे सामने आले की बहुतेक संघ एका रात्री राखीव गोलरक्षक उतरवतात, आणि तिथे गुण सांडतात. उरलेल्या वेळापत्रकात अशा जोड-रात्री किती आहेत ते मोजा, त्यातल्या प्रवासाच्या किती तेही.

मग कुणाशी किती सामने उरलेत ते. 82 च्या वेळापत्रकात डिव्हिजनमध्ये 26, त्याच कॉन्फरन्सच्या दुसऱ्या डिव्हिजनशी 24, पलीकडच्या कॉन्फरन्सशी 32. डिव्हिजनमधल्या सात प्रतिस्पर्ध्यांपैकी पाचांशी चार-चार आणि दोघांशी तीन-तीन. 2026-27 पासून हंगाम 84 सामन्यांचा. वाढलेले दोन सामने डिव्हिजनमध्येच जातात, म्हणजे सातही जणांशी चार-चार.

नोव्हेंबरच्या शेवटी, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास, जे प्लेऑफच्या जागांत असतात त्यांतले साधारण तीन-चतुर्थांश शेवटीही आत राहतात. कारण तोच जादा गुण: वरचा संघ हरतानाही गुण घेतो, मागच्याला अंतर कापणं जड जातं. अपवाद मोठा आहे, 3 जानेवारी 2019 च्या सकाळी सेंट लुईस अख्ख्या लीगमध्ये तळाला होतं आणि जूनमध्ये त्यांनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक उचलला.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा: न्यूयॉर्क-टोरंटोचा संध्याकाळी 7 चा सामना ऑक्टोबरात आपल्याकडे पहाटे 4:30 ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत 5:30. पश्चिम किनाऱ्यावरचा 7 चा सामना सकाळी 7:30 किंवा 8:30. वेळापत्रकात तारीख तिकडची असते, आपली एक दिवस पुढे.

निळीरेषा:

एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही, पण मार्चनंतर तीच निकाल फिरवते: पगारमर्यादा, म्हणजे संघाच्या खेळाडूंच्या पगारांच्या बेरजेवरची मर्यादा. 2024-25 मध्ये ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती, 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाख. मोजणी दिवसागणिक होते. म्हणजे संघाकडे हंगामभर 10 लाख डॉलरची जागा शिल्लक राहिली आणि हंगामाचा चौथा हिस्सा उरला असेल, तर त्याला वार्षिक 40 लाख डॉलरच्या करारातला खेळाडू घेता येतो, कारण उरलेल्या दिवसांचा पगारच तेवढा. देणारा संघ पगाराचा निम्म्यापर्यंत भार स्वतःकडे ठेवायला तयार झाला तर 80 लाखांचाही. म्हणून खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, 2025 मध्ये 7 मार्चला, शिल्लक राखलेला संघ अचानक मोठी नावं घेताना दिसतो.

किमान 10 सामने आणि 24 दिवस बाहेर राहणारा जखमी खेळाडू दीर्घ दुखापतीच्या यादीत टाकला की त्याच्या पगाराइतकी सवलत मिळत असे, आणि प्लेऑफमध्ये मर्यादाच लागू नव्हती. फ्लोरिडाचा मॅथ्यू कचुक फेब्रुवारी 2025 मध्ये जखमी झाला, यादीत गेला, प्लेऑफला परतला, आणि मधल्या काळात संघाने ब्रॅड मार्शांडला घेतलं. सगळं नियमाला धरून. 2025-26 पासून मात्र प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरलेल्या 20 जणांची बेरीजही मर्यादेत बसवावी लागते. त्यामुळे 2024-25 चे अंदाज पुढच्या हंगामांना जसेच्या तसे लावू नका.

खालच्या लीगमध्ये पाठवण्याचंही बघा. 23 च्या चमूतला अनुभवी खेळाडू एएचएलच्या संघात पाठवायचा तर आधी 24 तास वेव्हर्सवर ठेवावा लागतो. त्या काळात दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो आणि अनेकांनी मागितला तर तक्त्यात खालचा असलेल्याला तो मिळतो. 1 नोव्हेंबरपर्यंत यासाठी आदल्या हंगामाचा तक्ता धरतात. कमी वर्षं झालेल्या तरुणांना ही अट नसते, म्हणून तरुण राखीव खेळाडू बरा खेळत असूनही खाली तोच जातो. ऑक्टोबरात बातम्यांमध्ये राखीव गोलरक्षकांची नावं वेव्हर्सवर दिसू लागली की ती लिहून ठेवा. पहाटपाळींनी सांगितलेल्या जोड-रात्री जानेवारीत कोण खेळणार, ते तिथेच ठरत असतं.