मूळ संख्या बघायच्या तर फॅक्टोरियल पद्धतीत बघा, दशमानात काय ठेवलंय

अंकवेडा:
माझं मत स्पष्ट आहे, मूळ संख्या समजून घ्यायला दशमान पद्धत कामाची नाही. शेवटचा अंक १, ३, ७, ९ असतो म्हणतात पण त्यात ३ ने भाग जाणाऱ्या संख्या गाळल्याच जात नाहीत. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार; फॅक्टोरियल पद्धतीत स्थानिक किंमती उजवीकडून १, २, ६, २४, १२० अशा वाढतात, आणि पहिल्या जागी फार तर १, दुसऱ्या जागी २, तिसऱ्या जागी ३ असा अंक चालतो. म्हणजे २३ लिहायचे ३२१, कारण १८ + ४ + १. आता ३ पेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या घ्या, ती ०१ नाहीतर २१ नेच संपणार!

बाकीशून्य:
अहो पण ०१ आणि २१ म्हणजे ६ ने भागून बाकी १ किंवा ५, एवढंच ना? संख्या कशीही लिहा, मूळ असेल तर मूळच. आणि तिसऱ्या अंकाने तुम्हाला काय मिळालं सांगा, आधी ६ पैकी २ बाक्या उरत होत्या, आता २४ पैकी ८, तोच एक तृतीयांश. ५ ला गाळायला चौथ्या अंकापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा १, २, ६, ३०, २१० अशा नुसत्या मूळ संख्या गुणत गेलेल्या किंमती घ्या, तिथे ५ चा निकाल तीनच अंकांत लागतो.

अंकवेडा:
५ ची कसोटी बघा तरी. उजवीकडून पहिला अंक, अधिक दुसऱ्याची दुप्पट, अधिक तिसरा, वजा चौथा; या बेरजेला ५ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. ७ साठी पहिला, अधिक दुसऱ्याची दुप्पट, वजा तिसरा, अधिक चौथ्याची तिप्पट, अधिक पाचवा, वजा सहावा. दोन्हीकडे शेवटी वजाच येतो आणि तो योगायोग नाही, ते विल्सनचं प्रमेय आहे, ज्याची सिद्धता गणितज्ञ लाग्रांजने १७७१ मध्ये दिली: मूळ संख्येच्या एक आधीच्या संख्येचं फॅक्टोरियल घेऊन १ मिळवला की त्या मूळ संख्येने भाग जातो, म्हणून त्या फॅक्टोरियलची जागा कसोटीत वजा १ धरली जाते. संयुक्त संख्येला हे जमत नाही. इतकं खोल प्रमेय नुसत्या अंकांच्या मांडणीत दिसतंय, तुमच्या ३०-२१० वाल्या पद्धतीत हे दाखवा.

उभीआडवी:
कसोटी लावून बघितली, ४३२१ म्हणजे ११९, ७ ची बेरीज १४ येते, भाग जातो (७ × १७). छान आहे. पण मला बाकीशून्य यांचं पटतं. ५४३२१ म्हणजे ७१९ मूळ, ६५४३२१ म्हणजे ५०३९ तीही मूळ, आणि पुढची ७६५४३२१ म्हणजे ४०३१९ = २३ × १७५३. अंक एकाच साच्यातले असूनही मूळ आहे की नाही ते भागून बघितल्याशिवाय कळत नाही. या पद्धतीचा खरा उपयोग क्रमचय (वस्तू वेगवेगळ्या क्रमाने मांडण्याचे प्रकार) मोजण्यात आहे, फ्रेंच गणितज्ञ लेझाँने १८८८ मध्ये तिचा संबंध त्याच्याशीच जोडला होता.

बाकीशून्य:
विल्सनचा मुद्दा मान्य, तो माझ्या पद्धतीत नाही. पण ११ ची कसोटी तुमच्याकडे दहा अंकांवर जाते आणि माझ्याकडे पाचवर, मग हाताने चाळणी लावणाऱ्याने कुठली धरायची?