पिंपळपानाच्या जाळ्या पांढऱ्या कशा करायच्या? (सी विंग ग्रुप)

सी-204: मंडळी, यंदा मखरामागे पिंपळपानाच्या जाळ्या लावायच्या ठरल्यात ना, त्या पानं कुजवून नुसत्या शिरा उरल्या तशा निघाल्या. पण रंग अगदी चहाच्या गाळणीसारखा. पांढऱ्या कशा करायच्या?

सी-501: हा मेसेज डिलीट केला आहे

सी-302: बरं झालं डिलीट केलंस. पण ज्यांनी वाचला त्यांच्यासाठी सांगते, ब्लीचमध्ये टॉयलेटचं ॲसिड चुकूनही ओतायचं नाही! क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या बाथरूममध्ये जिवावर बेतेल.

सी-501: सॉरी काकू 🙏

सी-204: मग नुसतं ब्लीच?

सी-302: पांढरं होतं, तेही पटकन. पण लक्ष नसलं की बारीक शिरा विरघळतात आणि हातात नुसता देठ राहतो. त्यापेक्षा मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आण. 6 टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घाल. प्लास्टिकचा टब घे, धातूचं भांडं नको. हातमोजे घाल, नाहीतर बोटं पांढरी पडून चुरचुरतात. चिमूटभर खायचा सोडा टाकलास की शिरांवर बारीक बुडबुडे दिसायला लागतील, म्हणजे काम सुरू झालं. मधूनमधून बघत राहा. हवा तेवढा रंग आला की दोन-तीन पाण्यांतून काढ. उरलेलं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नकोस, आत वायू साठून बाटली फुटेल.

सी-204: आणि वाळवायच्या कशा? बाहेर तर हा पाऊस.

सी-302: जुन्या धोतराच्या घडीत घालून वर जाड पुस्तक ठेव. उघड्यावर पंख्याखाली ठेवल्यास तर गुंडाळी होईल. वर्तमानपत्रात मुळीच नको, शाई लागते.

सी-103: काकू, काथ्याचं तोरणही असंच करता येईल?

सी-302: नको. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) खूप, पांढराशुभ्र होतच नाही आणि ब्लीचने तंतू कमजोर होतात. खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून ब्रशने दोन हात मार. खरं तर मला काथ्या आहे तसाच आवडतो, पण तो तुमचा प्रश्न.

सी-403: एवढा खटाटोप कशाला? भेंड, म्हणजे पाणथळ जागेतल्या झाडाचा हलका गर, आणा की! आमच्याकडे लग्नातली बाशिंगं भेंडाची असायची. तो गर मुळातच पांढरा, ब्लेडने लोण्यासारखा कापला जातो. 2018 साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हाच मी म्हटलं होतं.

सी-103: ताई, मिळेल कुठे?

सी-403: बाशिंग-मुंडावळ्यांच्या दुकानात विचारते. फुलं भेंडाची, जाळ्या पिंपळाच्या, छान दिसेल.

सी-501: जिन्याखाली पानं कुजवायची बादली अजून उघडीच आहे. डासांच्या अळ्या झाल्या तर डेंग्यूवाले आधी आपल्याच विंगेत येतील.

सी-204: दादा, आत्ताच रिकामी करते. उरलेल्या पानांना जाळीचं झाकण बांधते. पेरॉक्साइडचं बिल वर्गणीतून ना?

सी-302: बिलाचा फोटो टाक आधी.