हलगी बंद, झेंडे बंद, प्रेक्षकांच्या आधारची झेरॉक्स द्या: फुटबॉलच्या पोरांनी निषेध कसा करावा?

परभणीचा गोलकीपर

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला. गुडघ्यांनी साथ दिली तोवर गोलमध्ये उभा राहिलो, आता संध्याकाळी लेकरांना शिकवतो. आमच्या तालुक्याच्या गावी दर उन्हाळ्यात खुली फुटबॉल स्पर्धा भरते. नांदेड, हिंगोली, जालना, पार निजामाबादहूनही संघ येतात. मैदान मुरमाचं, रेषा चुन्याच्या. बसायला एका बाजूला शाळेच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. फायनलला सगळं गाव लोटतं. मोंढ्यातले हमाल येतात, कॉलेजची पोरं येतात, मोहल्ल्यातल्या बाया गच्चीवरून बघतात. हलगी वाजते. आमच्याकडं एवढ्या जातीधर्माची माणसं एका जागी बसून एकाच गोष्टीवर ओरडतात अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

गेल्या वर्षी सेमीफायनलला एका पेनल्टीवरून वाद झाला. दोघंतिघं मैदानात घुसले, रेफरीला धक्काबुक्की झाली. चूकच ती. पण बंदोबस्तातली माणसं फाटकातून आली ती थेट पायऱ्यांवर. धक्काबुक्की करणारे मैदानात होते, मार बसला तो बसलेल्यांना. अकरावीतल्या एका पोराचं मनगट मोडलं. त्याच्या हातात हलगीची काडी होती, बाकी काही नाही.

यंदा परवानगीच्या पत्रात अटी आल्यात. वाद्य नाही. झेंडा नाही. प्रत्येक संघाचे ५० च समर्थक, आणि त्यांची यादी आधारच्या झेरॉक्ससह दोन दिवस आधी ठाण्यात जमा करायची. वर गेल्या वर्षी पायऱ्यांवर बसलेल्या पोरांच्या घरी नोटिसा गेल्यात, गुन्हा करू नका अशी पोलिसांची ताकीद, पूर्वी १४९ ची म्हणायचो ती. सणासुदीला, निवडणुकीत सराईतांना जाते ती. ही पोरं कोण आहेत सांगतो. यातली निम्मी पोलीस भरतीची तयारी करायलेत. पहाटे त्याच मैदानावर १६०० मीटर पळतात. नोटीस बघून एका पोराच्या बापानं त्याचे बूट पत्र्यावर फेकून दिले, उद्या चारित्र्य पडताळणीत अडकशील म्हणून.

पोरं आता चिडलीत. कुणी म्हणतं फायनलच्या दिवशी रस्त्यावर बसू, कुणी म्हणतं कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊ, कुणी म्हणतं स्पर्धाच नको. मला निषेध करायचाय, आणि स्पर्धाही जगवायचीय. २०२४ च्या १८ ऑगस्टला कोलकात्यात काय झालं ते मी मोबाइलवर बघत बसलो होतो. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा निषेध स्टेडियममध्ये होणार, म्हणून ड्युरंड कपची ईस्ट बंगाल-मोहन बागान डर्बीच, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांचा सामनाच, रद्द केली, बंदोबस्ताला माणसं नाहीत असं कारण देऊन. तरी लोक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले. जमावबंदी होती, लाठीमार झाला, गाडीत घातले. आणि ईस्ट बंगालचे लाल-पिवळे, मोहन बागानचे हिरवे-मरून, कोलकात्याच्याच मोहम्मेडनचे काळे-पांढरे, सगळे झेंडे एकत्र. शंभर वर्षांचं वैर असलेली माणसं. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस बायकोसह रस्त्यावर उतरला. आमच्या पोरांत तेवढी ताकद नाही, पण अक्कल शिकता येते. जगात कुठं कुठं फुटबॉलच्या प्रेक्षकांनी असल्या नियमांना तोंड दिलंय, आणि आम्ही कसं द्यावं? जाणत्यांनी सांगावं.

वाळूजवाला

दादा, २०१२ च्या थंडीत कंपनीनं मला जर्मनीत पाठवलं होतं. तेव्हा तिथं क्लबांच्या संघटनेनं सुरक्षेचा नवा आराखडा आणला होता. प्रवेशाच्या वेळी कडक झडती, पाहुण्या संघाच्या समर्थकांची तिकिटं कमी करायची मुभा, असं बरंच त्यात होतं. १२ डिसेंबरला त्यावर मतदान व्हायचं होतं. म्हणून देशभरच्या समर्थकांनी ठरवलं की सामना सुरू झाल्यापासून १२ मिनिटं १२ सेकंद कुणी तोंड उघडायचं नाही. झेंडा नाही, ढोल नाही, गाणं नाही.

मी सहकाऱ्यांबरोबर एका सामन्याला गेलो होतो. एरवी तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी खेळाडूंचे एकमेकांना दिलेले आवाज आणि चेंडूला बसलेली लाथ वरच्या रांगेत ऐकू येत होती. खेळाडूच बावरले. १२ मिनिटं १२ सेकंद झाली आणि मग जो आवाज उठला तो अजून माझ्या कानात आहे. आराखडा शेवटी मंजूर झालाच, हे लपवत नाही. पण गप्प मैदान कसं असतं ते क्लबांनी, टीव्हीवाल्यांनी, सगळ्यांनी बघितलं. प्रेक्षक म्हणजे धोका एवढंच बोललं जात होतं, त्यानंतर प्रेक्षकांशीही बोलावं लागलं.

तुमच्या पोरांना हे जमेल. तुमच्याकडं हलगी बंद केलीच आहे ना? मग ती बंदी आपण स्वतःहून पाळून दाखवायची, पहिली १२ मिनिटं, आणि का ते कागदावर छापून वाटायचं. गप्प बसल्याबद्दल कुणावर कारवाई करायची?

मोंढा रोड, जालना

मी दुकानदार. आमच्या इथं एका सामन्यानंतर माझ्या शोकेसची काच गेली, भरपाई कुणी दिली नाही. पोलीस नसते तर दुकान राहिलं नसतं. पोरांच्या बाजूनं सगळे बोलायलेत म्हणून हेही लिहिलं. आधी आपल्या पोरांना आवरा.

परभणीचा गोलकीपर

शेठ, तुमच्या काचेचे पैसे मिळायलाच हवे होते, आणि ज्यानं फोडली त्याच्याकडूनच. मी तेच म्हणतोय. ज्यानं केलं त्याला धरा. एकानं काच फोडली म्हणून शेजारी उभ्या असलेल्या पन्नास जणांची आधार मागितली, तर फोडणारा त्या पन्नासात लपतो आणि उरलेले एकोणपन्नास पोलिसांवरचा विश्वास गमावून बसतात. मग पुढच्या वेळी फोडणाऱ्याचं नाव सांगायला कोण पुढं येणार?

निवृत्त हवालदार, नांदेड

गोलकीपरसाहेब, सगळी हयात बंदोबस्तात गेली. माळेगावची खंडोबाची यात्रा, गणपती, उरूस, निवडणुका. दोन्ही बाजूंचं बोलतो.

तुमच्या मैदानावर आलेली माणसं बहुतेक रात्रपाळी करून, दुसऱ्या ठाण्यातून उचलून आणलेली असणार. त्यांना मैदानाचा नकाशा माहीत नसतो. कोण कुठल्या गल्लीचा, कोण म्होरक्या, कुणाचं ऐकलं जातं, काही माहीत नसतं. गडबड झाली की समोर जी गर्दी दिसेल तिच्यावर जायचं, एवढंच त्यांना कळतं. हे त्यांचं समर्थन नव्हे. बसलेल्या लेकरावर काठी चालवणं हा गुन्हाच. पण दुरुस्ती कुठं करायची ते यातून दिसतं.

यात्रेत आम्ही सगळ्यात आधी काय बघायचो? माणसं आत कुठून येतात आणि घाबरली तर बाहेर कुठून जातील. फुटबॉलमध्ये मोठ्या दुर्घटना इथंच झाल्यात. इंडोनेशियात मलंगच्या स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला सामना संपल्यावर लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडं. माणसं दारांकडं पळाली, दारं अरुंद, काही बंद. १३५ जीव गेले. मैदानालगतच्या बंदोबस्तानं असला धूर जवळही बाळगायचा नाही असा फिफाचा नियम आधीपासून होता. मी ती चित्रफीत पाहिली. त्या पोलिसांच्या हालचाली मला ओळखीच्या वाटल्या, आणि त्याचंच वाईट वाटलं.

तुमच्या पायऱ्यांना उतरायला वाट किती? फाटक एकच असेल तर हलगीवर वाद घालण्याआधी दुसरं फाटक उघडून घ्या.

आता कामाचं. गणपतीला, ईदला ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मंडळांचे अध्यक्ष, मोहल्ल्यातले बुजुर्ग, सगळे बसतात. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, स्वयंसेवक ठरतात. स्पर्धेच्या आधी तशीच बैठक लेखी मागा. प्रत्येक संघाचे दहा स्वयंसेवक द्या, अंगात एका रंगाचे बनियन, आणि गर्दीशी पहिलं बोलणं त्यांनीच करायचं असं ठरवून घ्या. पोलीस फाटकाबाहेर राहतील, बोलावल्यावर आत येतील. मी असताना दोन ठिकाणी हे केलेलं आहे, काठी उचलावी लागली नाही.

आणखी एक. आपला हा मुलूख हैदराबाद राज्यात होता तेव्हा हैदराबाद सिटी पोलिसांच्या फुटबॉल संघाचं नाव देशभर होतं. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं त्यांनी मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. प्रशिक्षक रहीमसाहेब. त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ ला आशियाई सुवर्ण घेतलं. माझे वडील त्या संघाच्या गोष्टी सांगायचे, वर्दीतली माणसं लोकांनी खांद्यावर घेतली म्हणून. उद्घाटनाला ठाण्याचा संघ विरुद्ध गावचा संघ असा सामना ठेवा. नाही म्हणणार नाहीत. ज्याच्याबरोबर खेळलोय त्याच्यावर हात उचलताना माणूस थांबतो.

हिंगोलीची विद्यार्थिनी

आधारवाल्या अटीबद्दल. तुर्कीत २०१४ पासून लीगच्या तिकिटासाठी पासोलिग नावाचं कार्ड सक्तीचं झालं. ओळख क्रमांक, फोटो, सगळं त्याला जोडलेलं, वर ते एका बँकेचं कार्ड. अनेक संघांच्या समर्थकांनी बहिष्कार घातला आणि स्टेडियमं ओस पडली. इस्तंबूलच्या बेशिक्ताश क्लबच्या चार्शी नावाच्या समर्थक गटातल्या लोकांवर तर २०१३ च्या सरकारविरोधी गेझी पार्क आंदोलनात भाग घेतला म्हणून सरकार उलथवण्याचा आरोप ठेवला होता. २०१५ ला कोर्टानं सोडलं, पण तो निकाल २०२१ ला वरच्या कोर्टानं फिरवला.

काका, अजून एक विचारायचं होतं. त्या ५० च्या यादीत गच्चीवरच्या बायका धरल्यात का? आम्हाला मैदानात बसायची सवय आत्ता कुठं लागायलीय. आधार जमा करा म्हटलं तर घरचे एकीलाही पाठवणार नाहीत.

वकील, लातूर

हिंगोलीच्या ताईंचा मुद्दा निवेदनात वेगळा घाला, फार महत्त्वाचा आहे.

गोलकीपर दादा, भावनेचं तुम्ही सगळं लिहिलंय, मी कागदाचं सांगते.

नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. ती म्हणजे गुन्हा नव्हे, एफआयआर नव्हे, शिक्षा तर नव्हेच. पण गप्प बसू नका. प्रत्येक पोरानं लेखी खुलासा द्यावा: मी त्या दिवशी कुठं बसलो होतो, माझ्याविरुद्ध नेमकी माहिती कोणती. पुढं भरतीच्या वेळी कुणी विचारलंच तर हा कागद कामाला येईल.

जमावबंदीचा आदेश आहे असं तोंडी सांगितलं तर प्रत मागा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडं चालत नाही. मोर्चा काढायचाच असेल तर आधी ती तारीख बघा. शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ख) मध्ये आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही खरं. म्हणून भांडण ‘वाजवी’वर करायचं. डीजे चालतो त्या गावात दुपारी हलगी का नको, हा प्रश्न लेखी विचारा. आधारची प्रत कोणत्या तरतुदीखाली मागता, ती कुठं ठेवणार, केव्हा नष्ट करणार, हेही.

मनगट मोडलेल्या पोराचं काय केलंत? हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. पोलिसांकडून झालेल्या गंभीर दुखापतीची तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडं करता येते. सरकारी दवाखान्याचे कागद, एक्स-रे शोधून ठेवा. मोर्च्याच्या घोषणांपेक्षा ह्या एका तक्रारीला वजन जास्त आहे.

आणि ५० ची यादी. इंग्लंडमध्ये थॅचर सरकारनं अशीच टूम काढली होती, प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र. १९८९ चा कायदाही झाला. त्याच वर्षी १५ एप्रिलला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर जाळीच्या कुंपणात चिरडून लिव्हरपूलचे समर्थक मेले, एकूण ९७. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, वर्तमानपत्रांनी तो छापला. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीत निघालं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. ओळखपत्राची योजनाही त्यांच्या अहवालानंतर गुंडाळली गेली. कुंपणं काढली, बसायच्या जागा आल्या. मेलेल्यांच्या घरच्यांना मात्र ‘प्रेक्षकांचा दोष नव्हता’ हे ज्युरीकडून ऐकायला २०१६ उजाडावं लागलं. सत्तावीस वर्षं. त्या आयांनी एकेक कागद सांभाळला होता म्हणून ते झालं.

स्कॉटलंडचं थोडक्यात: फुटबॉल प्रेक्षकांसाठीच वेगळा गुन्हा ठरवणारा कायदा २०१२ मध्ये लागू झाला. समर्थक संघटित होऊन सहा वर्षं लढले, आणि २०१८ मध्ये तिथल्या संसदेनं ६२ विरुद्ध ६० मतांनी तो रद्द केला. फक्त दोन मतांनी. आमदारांना भेटत राहा.

परभणीचा गोलकीपर

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरांना शाळेच्या पायऱ्यांवर बसवून तुमचे एकेक उत्तर वाचून दाखवलं. रस्त्यावर बसायचं मागं घेतलंय. ठरलं ते असं. शांतता समितीची बैठक मागायची. पायऱ्यांच्या मागची भिंत शाळेला सांगून मोकळी करायची आणि दुसरं फाटक उघडायचं. हवालदार साहेब, तुमचा अंदाज बरोबर, वाट एकच आहे, आणि मला ते इतकी वर्षं टोचत होतं. उद्घाटनाला ठाण्याच्या संघाला आमंत्रण. फायनलला पहिली १२ मिनिटं सगळं मैदान गप्प, दोन्ही संघांचे समर्थक मिळून. हलगीवाले हलग्या समोर ठेवून बसणार, वाजवणार नाहीत. बायकांसाठी पायऱ्यांची एक बाजू, यादीबिदी काही नाही, हे निवेदनात वेगळं कलम.

यादी आम्ही देणार नाही. हे पोरांचं नाही, माझं मत आहे आणि निवेदनावर माझी सही पहिली असेल. स्वयंसेवकांची नावं आणि मोबाइल नंबर देऊ, जबाबदारी घेऊ. बघायला येणाऱ्या माणसाची झेरॉक्स देणार नाही.

मनगटवाल्या पोराच्या आईशी बोललो. एक्स-रे तिनं ट्रंकेत जपून ठेवलाय. तक्रार करायला तयार आहे, फक्त पोराच्या भरतीची भीती आहे. वकील ताई, निवेदनाचा मसुदा तुम्हाला निरोपात पाठवलाय. नजर टाकाल का?

वकील, लातूर

वाचला. ‘कृपया विचार व्हावा’ काढा, ‘लेखी उत्तर मिळावे’ घाला. आईची तक्रार ह्या निवेदनात मिसळू नका, वेगळी करा. पोरगं तेव्हा अठराच्या आत होतं ना? मग तक्रारीत जन्मतारीख लिहा आणि शाळेचा दाखला जोडा. बैठकीची मागणी पहिल्या पानावर आणा. तीन प्रती करा: ठाणं, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी. तिन्हीकडं शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. त्या आईंना माझा नंबर द्या, भरतीचं मी समजावते.