व्हेट व्हायचंय, मग बीएसला मेजर कोणतं?

एडिसनकर:
मुलगी रटगर्सला (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून एकच धोशा, जनावरांची डॉक्टर व्हायचंय. आपल्याकडे बारावी, नीट आणि साडेपाच वर्षांचं बीव्हीएससी, की झालं. इथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची पदवी. आता मेजर (पहिल्या पदवीचा मुख्य विषय) ठरवायचंय. तिला अ‍ॅनिमल सायन्स हवंय, मी म्हणतो बायोलॉजी घे. व्हेट स्कूलच्या जागा मोजक्या. नाही मिळाली तर ती पदवी घेऊन करायचं काय? बायोलॉजीवाल्याला लॅब आहे, फार्मा आहे. (आमच्या घरात कुत्रंसुद्धा नाही, बायकोला अ‍ॅलर्जी आहे.)

मिरजेची शेळी:
दादा, कुत्रं नाही म्हणूनच तिला अ‍ॅनिमल सायन्स घेऊ द्या. मी परळहून बीव्हीएससी केलं, इथे ईसीएफव्हीजी (बाहेरदेशी शिकलेल्या व्हेटसाठीच्या परीक्षा) पार करून परवाना मिळवला. न्यू जर्सीतच हंटरडनच्या बाजूला गाई-मेंढ्या बघते. गेल्या उन्हाळ्यात एक बायोलॉजीचा पोरगा शिकायला आला होता, मार्कांत पहिला. मेंढी धर म्हटलं तर लोकर पकडून ओढायला लागला! हनुवटीखाली हात घालून तोंड वर केलं की मेंढी थांबते. पुस्तकात हे एका ओळीत असतं, हाताला कळायला चाळीस मेंढ्या लागतात. रटगर्सच्या कुक कॅम्पसवर गाई, मेंढ्या, घोडे, डुकरं सगळं आहे. आणखी काय हवं?

सदा साशंक:
मेंढ्या धरायला मेजर कशाला, शनिवार-रविवार पुरे. व्हेट स्कूल अमुकच मेजर हवं असं म्हणत नाहीत. बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स झालेलं हवं, आणि ही यादीही प्रत्येक शाळेची थोडी वेगळी. माझी भाची स्पॅनिश मेजर! आज विस्कॉन्सिनमध्ये डेअरीच्या गाई बघते. तिथे दूध काढणारे बरेचसे मेक्सिकोकडचे. गाय कधीपासून खात नाही हे मालकाआधी त्यांना माहीत असतं.

एडिसनकर:
स्पॅनिश? हा धागा आता मुलीपासून लपवावा लागणार.

मिरजेची शेळी:
साशंकराव, भाचीचं कौतुक आहेच. पण स्पॅनिशचे विषय वेगळे आणि ही यादी वेगळी, म्हणजे दुहेरी ओझं. अ‍ॅनिमल सायन्समध्ये प्री-व्हेट (व्हेट स्कूलची पूर्वतयारी) घेतलं की यातलं बरंचसं वाटेतच होतं. काही शाळा पशुआहाराचा विषय मागतात, तो बायोलॉजीवाल्याला मुद्दाम शोधून करावा लागतो.

हिशोबी आजोबा:
एडिसनकर, बायोलॉजीच्या नुसत्या बीएसला फार्मावाले हार घेऊन उभे नाहीत हो. आमचे चिरंजीव तेच करून दोन वर्षं नळ्यांवर लेबलं चिकटवत होते. अ‍ॅनिमल सायन्सवाल्यांना निदान पशुखाद्याच्या, लसींच्या कंपन्या तरी असतात. खरी चिंता कर्जाची करा. डीव्हीएम होईपर्यंत दोन लाख डॉलरच्या घरात सहज जातं. पदवी आपल्या राज्यात, स्वस्तात होतेय हे नशीब समजा. न्यू जर्सीत आत्ताआत्तापर्यंत व्हेट स्कूलच नव्हतं, रोवन विद्यापीठाचं २०२५ मध्ये सुरू झालं. आणि तिला ऑरगॅनिकला किती मिळाले? तुम्ही सगळे मेजरवर भांडताय, गाडी अडते ती तिथे.

सदा साशंक:
आजोबांना +१. ज्या मेजरमध्ये मार्क टिकतील ते मेजर. गोठ्याच्या प्रेमात पडून ऑरगॅनिकमध्ये सी आणलेली मुलं पाहिलीत मी.

एडिसनकर:
माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण लेबलांचं वाचून बायको हसली आणि मुलगी त्याहून जास्त (धागा सापडलाच तिला). ऑरगॅनिकला बी प्लस आहे. चालेल का?

मिरजेची शेळी:
एका बी प्लसनं काही होत नाही. तासांची नोंद मात्र आत्तापासून ठेवायला सांगा. अर्जात व्हेटच्या हाताखालचे तास वेगळे आणि नुसते जनावरांबरोबरचे वेगळे लिहावे लागतात. रविवारी पाठवता का तिला? अकरा मेंढ्यांची खुरं साळायची आहेत. जुने कपडे घालून ये म्हणावं.